ग्रीस मारूनही शाफ्टची चिरचिर परत येते? चौथा कप तपासा

गाडी सर्व्हिसिंग करून आणली की आठ-पंधरा दिवस सगळं शांत असतं. मग एखाद्या सकाळी गाडी हळू बाहेर काढताना खालून चिर्र-चिर्र ऐकू येतं. वेग वाढला की आवाज दाट होतो आणि पुढे इंजिनाच्या आवाजात बुडून जातो. पाऊस पडला किंवा गाडी धुतली की दोन दिवस थांबतो, ऊन तापलं की पुन्हा हजर. परत ग्रीसिंग, परत आठ दिवस शांतता. डिझेल कॅरव्हॅन बाळगणाऱ्या सोलापूरकरांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते, आणि बरेच जण शेवटी ‘जुनी गाडी आहे, आवाज करणारच’ म्हणून सोडून देतात. सोडून देऊ नका. हा आवाज बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याच्या, जोडावरल्या क्रॉसचा असतो. क्रॉस वेळेत सांभाळला तर काम थोड्याशा ग्रीसवर भागतं. दुर्लक्ष केलं तर एक दिवस तुळजापूरच्या घाटात क्रॉस तुटतो, शाफ्ट खाली लोंबतो आणि ब्रेकचे पाइप, डिझेलची टाकी, जे वाटेत येईल त्यावर आपटतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा. ग्रीस पोचलं की नाही, हे ग्रीस गनचा दांडा किती वेळा दाबला यावरून कळत नाही. क्रॉसच्या चार टोकांवरच्या चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस बाहेर आलेलं डोळ्यांनी दिसलं, तरच ते पोचलं. तिघांतून आलं आणि चौथ्यातून आलं नाही, तर ग्रीसिंग झालेलंच नाही. परत परत येणाऱ्या चिरचिरीचं मूळ बहुधा त्या चौथ्या कपात असतं.

हे सगळं मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे: फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅरव्हॅन, टाटा ४०७ किंवा आयशरच्या चेसिसवरची, जुन्या मिनीबसमधून करून घेतलेली. टाटा विंगरवर बांधलेली असेल तर ती पुढच्या चाकांवर चालते, तिला हा लांब शाफ्टच नसतो. तिथे सीव्ही जॉइंटचे (पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या सांध्यांचे) रबरी बूट फाटलेत का, एवढं बघितलं तरी पुरे. मागे इंजिन असलेल्या मोठ्या बसची कॅरव्हॅन केली असेल तर शाफ्ट अगदी आखूड असतो. आखूड शाफ्टमध्ये जॉइंटचा, म्हणजे क्रॉसनं जोडलेल्या सांध्याचा, कोन जास्त पडतो, म्हणून तिथे ग्रीसिंग चुकवणं अधिकच महागात पडतं.

आवाज शाफ्टचाच आहे का?

खाली शिरण्याआधी कानानं तपासा. होटगी रोडच्या गर्दीत हे जमणार नाही. सकाळी लवकर, काचा खाली करून, पंखा आणि रेडिओ बंद ठेवून, लांब कंपाउंडच्या भिंतीला लागून माणसाच्या चालीनं गाडी चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि स्वच्छ ऐकू येतो.

आता आवाज मोजा. टायरचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आणि डिफरन्शिअलचा (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरचा) रेशो ४ धरला, तर ताशी ५ किलोमीटरला चाक साधारण दीड सेकंदाला एक फेरा घेतं. शाफ्ट त्याच्या चौपट फिरतो, म्हणजे सेकंदाला दोन-अडीच फेरे. आवाज दीड-दोन सेकंदांनी एकदा येत असेल तर ब्रेक किंवा चाकाकडे बघा. सेकंदाला दोन-तीन वेळा, घड्याळाच्या टिकटिकीहून जलद येत असेल तर शाफ्ट. खड्ड्यात किंवा गतिरोधकावरच करकर होत असेल तर तो कमानीच्या पाट्यांचा किंवा शॅकलच्या बुशचा आवाज, त्याचा इथे संबंध नाही.

चिरचिरीबरोबर आणखी दोन तक्रारी असतात आणि लोक त्या एकत्र करतात. क्लच सोडताना किंवा रिव्हर्समधून पहिल्या गिअरात टाकताना एकदाच ‘खट्’ होत असेल, तर स्लिपचे (शाफ्टच्या सरकत्या जोडाचे) दाते कोरडे आहेत, नाहीतर क्रॉसमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे, नाहीतर डिफरन्शिअलच ढिला झाला आहे. ठरावीक वेगाला, समजा ताशी ६० ते ७० च्या मध्ये, फरशी थरथरत असेल तर तो सहसा ग्रीसचा प्रश्न नसतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

गाडी उभी असताना, चाकांना ठोकळे लावून, जॉइंटच्या अलीकडे एक हात आणि पलीकडे दुसरा हात धरून शाफ्ट उलट-सुलट पिळून बघा. मग वर-खाली हलवा. क्रॉस आणि योक (क्रॉसला धरणारा काटा) यांच्यामध्ये डोळ्यांना दिसेल इतकी हालचाल असेल तर बेअरिंगच्या सुया झिजल्या आहेत. तिथे ग्रीस मारून आवाज थोडे दिवस दबेल, पण झीज भरून येणार नाही. असा क्रॉस बदलायचाच.

चौथा कप कोरडा का राहतो

क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा. त्याला चार पाय, प्रत्येक पायावर एक कप, कपाच्या आत बारीक सुयांचं बेअरिंग आणि तोंडाशी रबरी सील. निप्पल, म्हणजे ग्रीस गन लावायचं तोंड, मधोमध असतो किंवा एखाद्या कपाच्या टोकाला. निप्पलमधून गेलेलं ग्रीस आतल्या बारीक भोकांतून चारही पायांच्या टोकांना जातं आणि सुयांमधून वाट काढत सीलपाशी येतं.

आता या सुयांचं काम बघा. ताशी ६० किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला सुमारे १,८०० फेरे घेतो, पण सुया पूर्ण गोल फिरतच नाहीत. जॉइंटचा कोन दोन-तीन अंश असेल तर त्या प्रत्येक फेऱ्यात तेवढ्याच अंशात मागे-पुढे डोलतात. चाकाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस आपोआप फिरत राहतं, तसं इथे होत नाही. सुईखालचं ग्रीस बाजूला ढकललं गेलं की आपणहून परत येत नाही. तिथे बाहेरून नवं ढकलावं लागतं. म्हणून क्रॉसला ठरावीक काळानं ग्रीस लागतं, आणि म्हणूनच जो कप सुटला तो फार लवकर गंजतो.

ग्रीस सोपी वाट धरतं. उजनीच्या कालव्याला पाणी सुटलं की वरच्या अंगाची रानं आधी भिजतात आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचेल याची खात्री नसते, तसंच इथे घडतं. एका पायाच्या भोकात जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट बसलं असेल किंवा तिथला सील दाबून बसला असेल, तर नवं ग्रीस उरलेल्या तिघांतून भसाभसा बाहेर पडतं. बघणाऱ्याला वाटतं, भरपूर झालं.

माझ्या मावसभावाची ट्रॅव्हलर जुळे सोलापुरात असते. तिला प्रत्येक सर्व्हिसिंगला हवेच्या गननं ग्रीस मारलं जायचं आणि पंधरवड्यात चिरचिर परत यायची. शेवटी ट्रकची कामं करणाऱ्या एका वयस्कर फिटरकडे गाडी नेली.

“अण्णा, ग्रीस तर भरपूर मारलंय, खाली सांडलंय बघा,” भाऊ म्हणाला.

“सांडलंय, पण कुठनं सांडलंय ते बघा की दादा,” अण्णा बॅटरी धरून म्हणाले. “ह्या तिघांतनं आलंय. हा चौथा बघा, तांबडा पडलाय.”

कपाच्या कडेला तांबूस, विटकरी रंगाची बारीक भुकटी होती. ही भुकटी ओळखायला शिका. ती सुयांच्या गंजाची असते आणि त्या कपात ग्रीस पोचत नसल्याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा असते. भावाच्या गाडीत प्ले अजून आला नव्हता, म्हणून तो कप मोकळा करून काम भागलं. आणखी एक उन्हाळा गेला असता तर क्रॉसच गेला असता.

गाडीखाली जाण्याआधी

या भागात घाई करू नका. कॅरव्हॅन तीन-चार टनांची असते, वर पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि सिलिंडर. सपाट, कडक जमीन हवी. काळ्या मातीच्या रानात, डांबर वितळलेल्या जागी किंवा उतारावर हे काम करायचं नाही. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे घट्ट लावा.

कॅरव्हॅन मुक्कामाला समतल करायला जे लेव्हलिंग जॅक असतात, त्यांच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. हवेच्या बलूनवर उभी राहणारी गाडी असेल तर धोका अधिक. हवा उतरली की चेसिस खाली येते आणि माणूस सापडतो. अशा गाडीखाली जायचं तर चेसिसला घोड्या (जॅक स्टँड) लावूनच, नाहीतर रॅम्प किंवा खड्डा असलेल्या ठिकाणी.

निप्पल वरच्या बाजूला गेला असेल तर शाफ्ट फिरवावा लागतो. सोपा मार्ग असा: तुम्ही बाहेर या, जोडीदारानं गाडी फूटभर पुढे घ्यावी, परत ठोकळे लावा आणि मग पुन्हा आत जा. दुसरा मार्ग म्हणजे मागचं एक चाक उचलून अॅक्सलखाली घोडी लावायची, गिअर न्यूट्रल करायचा आणि हँडब्रेक सोडून शाफ्ट हातानं फिरवायचा. यात गाडी फक्त पुढच्या ठोकळ्यांवर थांबलेली असते, तेव्हा त्यांच्याबद्दल तिळमात्र शंका असेल तर पहिलाच मार्ग धरा. नुसत्या जॅकवर, घोडीशिवाय, हात आत घालायचा नाही.

डोळ्यांना चष्मा लावा, कारण वरून वाळलेली माती आणि गंज पडतो. गनचा पाइप चिरलेला असेल तर आधी बदला. हाताच्या ग्रीस गनमध्येही काही हजार पीएसआय दाब तयार होतो. फुटलेल्या पाइपातून ग्रीस कातडीखाली घुसलं तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला बहुधा दुखतही नाही, पण ती तातडीनं दवाखान्यात जाण्याची जखम असते. घरी पट्टी बांधून थांबू नका.

कोणतं ग्रीस

गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असेल ते. लिहिलेलं नसेल किंवा पुस्तकच हरवलं असेल, तर एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाचं माप) २ नंबरचं लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी (जास्त दाब सोसणारं) लिहिलेलं ग्रीस क्रॉसला चालतं. चाकाच्या बेअरिंगसाठी आपल्याकडे सर्रास मिळणारं ३ नंबरचं ग्रीस घट्ट असतं. ते क्रॉसच्या बारीक भोकांतून सुयांपर्यंत नीट सरकत नाही, आणि चौथा कप सुटण्याची शक्यता वाढते.

स्वस्त चेसिस ग्रीस पुष्कळदा साध्या कॅल्शियमचं असतं. पाण्याला ते चांगलं टिकतं, पण त्याचा ड्रॉपिंग पॉइंट, म्हणजे ग्रीस वितळून गळायला लागतं ते तापमान, १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. लिथियमचा १८० च्या आसपास आणि लिथियम कॉम्प्लेक्सचा साधारण २५० च्या वर. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हवाच ४० अंशांच्या वर असते, खाली तापलेलं डांबर, शेजारी सायलेन्सरचा पाइप. या गरमीत साधं ग्रीस पातळ होऊन सीलमधून निघून जातं. उन्हाळ्यात चिरचिर लवकर परत येण्यामागे हेही एक कारण आहे.

दोन जातींची ग्रीस मिसळणं हा दुसरा घोटाळा. लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्स सहसा एकमेकांत जमतात. लिथियमवर बेंटोनचं किंवा पॉलियुरियाचं ग्रीस पडलं तर मिश्रण मऊ होऊन वाहून जाऊ शकतं. रंगावरून काही ठरवू नका, निळा किंवा लाल रंग कंपनी घालते, त्यावरून जात कळत नाही. आधी काय मारलं होतं ते माहीत नसेल तर जुनं पूर्ण बाहेर पडून फक्त नवं दिसेपर्यंत ढकला, आणि पुढे एकच डबा धरून चाला.

मारण्याची पद्धत

काम सुरू करण्याआधी दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणा. आतलं जुनं ग्रीस कोमट होतं आणि सहज सरकतं. मग सायलेन्सर हात लावण्याजोगा होईपर्यंत थांबा.

आपल्याकडे गन बहुतेक डब्यातून हातानं भरतात, आणि त्यात हवेचे बुडबुडे राहतात. मग दांडा हलका चालतो, ग्रीस येत नाही आणि माणूस समजतो की पोचलं. गनची नळी डब्यात बुडवून मागचा दट्ट्या सावकाश ओढत ग्रीस आत घ्या, दोन-तीनदा आपटून बसवा, आणि पाइपाच्या तोंडातून सलग, न फुटणारी धार येईपर्यंत बाहेरच दांडा मारा. त्यानंतरच निप्पलला लावा.

निप्पल आधी स्वच्छ कापडानं पुसा. सोलापुरात यंत्रमागाच्या चिंध्या हव्या तेवढ्या मिळतात, त्या उत्तम, फक्त धागे सुटणारं कॉटन वेस्ट निप्पलवर वापरू नका. न पुसता गन लावली तर तोंडावरची माती ग्रीसच्या पुढे आत जाते. निप्पलमधली छोटी गोळी टाचणीनं दाबून बघा, आत जाऊन परत वर आली पाहिजे. अडकली असेल तर निप्पल बदला. नवा आणताना जुना बरोबर न्या, कारण आटे ६, ८ आणि १० मिलिमीटरचे असतात आणि तोंड सरळ, ४५ अंशाचं किंवा ९० अंशाचं. योकच्या फटीत गनचं तोंड सरळ बसत नसेल तर तिरपं लावून रेटू नका, सगळं ग्रीस बाजूनं बाहेर येईल. लांब, बारीक तोंडाचा नोझल मिळतो, तो घ्या.

आता दांडा सावकाश दाबा. घाईनं दाबलं तर सील उलटतो आणि मग तो कप कायमचा गळका होतो. हवेच्या गनचा तोटा इथेच आहे, हाताला विरोध जाणवत नाही. चारही कपांवर बॅटरी मारत राहा. प्रत्येकातून आधी जुनं, काळपट ग्रीस येईल, मागून नवं. चौघांतूनही नवं दिसलं की थांबा.

बाहेर आलेलं जुनं ग्रीस बोटावर घेऊन बघितल्याशिवाय पुसू नका. काळं पण मऊ असेल तर ठीक. दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे, सगळं पाणी निघेपर्यंत ढकला आणि महिनाभरात पुन्हा तपासा. तांबूस, कोरडं, भुरभुरीत असेल तर गंज सुरू झाला आहे. उन्हात चांदीसारखी चमक दिसली तर सुयांची भुकटी आहे, त्या क्रॉसचा भरवसा धरू नका.

सगळं झाल्यावर कपांभोवती साचलेलं ग्रीस पुसून घ्या. ठेवलं तर त्यावर धूळ बसून घासणारा लगदा होतो आणि तोच सील खातो.

चौथा कप तरीही घेत नसेल तर

आधी गन लावलेली ठेवून जोडीदाराकडून शाफ्ट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) हलका ढकलवून घ्या आणि प्रत्येक वेळी दांडा दाबा. जोडीदारानं गाडीत बसायचं नाही, खालीच बाजूला राहायचं. कोरड्या कपाच्या सीलवरचा दाब क्षणभर कमी झाला की ग्रीस वाट काढतं. पुष्कळ वेळा एवढ्यानंच काम होतं. मग शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा करून बघा.

नाही झालं, तर गाडी चालवून आणा आणि ग्रीस गरम असताना परत प्रयत्न करा.

तरीही नाही, तर कप मोकळा करावा लागतो. बोल्टनं बसवलेली टोपी असेल तर त्या एका कपाचे बोल्ट थोडे, तीनेक मिलिमीटर, सैल करून ग्रीस मारायचं आणि मग पुस्तकातल्या टॉर्कला परत आवळायचे. वाकवून बसवायच्या लॉक पट्ट्या असतील तर नव्या टाकायच्या. आतल्या लॉकनं बसलेले कप असतील तर लॉक काढून कप बाहेर घ्यावा लागतो. हे काम हातात सराव नसेल तर फिटरकडे द्या. कप बाहेर आला की निदान उघड दिसतं: भोक बुजलेलं आहे, सील दुमडलेला आहे की सुयांनी पायावर खाचा पाडल्या आहेत. पायावरून नख फिरवा. नख अडकलं तर क्रॉस बदला.

स्लिप आणि सेंटर बेअरिंग

मागची चाकं वर-खाली होतात तेव्हा शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी लागते. ते काम स्लिपचे दाते करतात. ते कोरडे पडले की एका जागी धरतात आणि मग एकदम सुटतात. सिग्नलला थांबून निघताना होणारा ‘खट्’ पुष्कळदा हाच असतो.

स्लिपला वेगळा निप्पल असतो. टोकाच्या झाकणाला बारीक भोक असेल तर त्यातून ग्रीस दिसेपर्यंत मारा, मग भोकावर बोट ठेवून दुसऱ्या टोकाच्या सीलपाशी ग्रीस येईपर्यंत हळूहळू मारा. तिथेच थांबा. स्लिप ठासून भरली तर शाफ्टला आत सरकायला जागा राहत नाही, झाकण उडू शकतं आणि गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर नसता भार येतो. काही नव्या शाफ्टच्या दात्यांवर नायलॉनचा लेप असतो आणि निप्पल नसतो. तिथे काही करायचं नाही.

लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं. ते बहुधा सीलबंद येतं, त्याला ग्रीस लागत नाही. लागतं ते रबर शाबूत राहणं. आपल्याकडे गाडी धुतल्यावर खालून डिझेल किंवा जुनं ऑइल फवारण्याची जी पद्धत आहे, ती या रबराची वैरी आहे. रबर फुगतं, मऊ पडतं, फाटतं, मग बेअरिंग घरात नाचतं आणि गाडी निघताना फरशीखाली गुरगुरतं. ते डिझेल क्रॉसच्या सीलमधून आत गेलं तर ग्रीस पातळ करतं ते वेगळंच. धुणाऱ्याला स्पष्ट सांगा की डिझेल मारायचं नाही, आणि पाण्याची जोराची धार कपांवर सरळ धरायची नाही. ग्रीसिंग नेहमी धुण्यानंतर, आधी नाही.

आपल्या भागात ही तक्रार लवकर का परत येते

कॅरव्हॅन पळते कमी आणि उभी जास्त राहते. हेच तिचं मोठं दुखणं. महिनोन् महिने उभी असताना सुया एकाच जागी वजन धरून असतात, ग्रीस हळूहळू निथळतं आणि ओल शिरते. म्हणून नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. मी पुस्तकातलं अंतर किंवा ५,००० किलोमीटर, जे कमी असेल ते धरतो. शिवाय अंतर भरो न भरो, मृग निघायच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा. मृगाच्या आधीचं ग्रीसिंग आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्यांना तसंही उपयोगी पडतं. ओढ्यातून गाडी काढली आणि पाणी शाफ्टला लागलं, तर त्याच आठवड्यात आणखी एकदा. उभ्या गाडीला महिन्यातून एकदा पाच-दहा किलोमीटर फिरवून आणा.

काळी माती हा आपला खास प्रश्न. मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या रानवाटेनं ओल्यात गाडी नेली की चिखल शाफ्टला चिकटतो आणि उन्हात दगडासारखा वाळतो. तो शाफ्टच्या एका अंगाला राहिला की बॅलन्स बिघडतो आणि पुणे हायवेला लागल्यावर फरशी थरथरते. अशा वेळी आधी शाफ्ट धुऊन, खरवडून बघा. गाळपाच्या हंगामात रस्त्यावर पडलेली नायलॉनची दोरी आणि पाचट शाफ्टला गुंडाळलं जातं. दोरी कपाच्या तोंडाशी जाऊन सील कापते. खाली गेलात की जॉइंटभोवती दोरी आहे का, हे आधी बघा.

कॅरव्हॅनमध्ये सामान मागे वाढत जातं: मोठी टाकी, जादा बॅटऱ्या, स्टँडवरच्या सायकली. पाटे बसले की मागचा अॅक्सल आणि चेसिस यांच्यातलं अंतर घटतं आणि जॉइंटचा कोन बदलतो. पुढच्या आणि मागच्या जॉइंटचे कोन जवळजवळ सारखे असतील तरच त्यांची थरथर एकमेकांना मारते. ग्रीस व्यवस्थित असूनही एकच क्रॉस वारंवार जात असेल, तर पाटे आणि सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट तपासून घ्या.

फिटरकडे जायची वेळ

पिळून बघताना प्ले दिसला, चमकणारी भुकटी आली, किंवा माती काढूनही ठरावीक वेगाला थरथर राहिली, तर ग्रीस गन ठेवून द्या. थरथरीमागे शाफ्टला वेल्ड केलेली बॅलन्सची पट्टी पडलेली असू शकते, शाफ्ट वाकलेला असू शकतो, किंवा मागे कुणीतरी स्लिप उघडून चुकीच्या दात्यावर बसवलेली असू शकते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असायला हवेत. म्हणून शाफ्ट सोडवण्याआधी स्लिपवर आणि फ्लँजवर पंचनं किंवा रंगानं खुणा करायला सांगा, आणि खुणा झाल्याचं स्वतः बघा.

क्रॉस बदलायचा तर निप्पल असलेलाच घ्या, सीलबंद नको. निप्पल गन पोचेल अशा बाजूला बसवायला सांगा, दोन्ही जॉइंटचे निप्पल एका रांगेत आले तर पुढचं काम निम्मं होतं. नवा क्रॉस खोक्यातून येतो तेव्हा त्यात फक्त साठवणीपुरतं ग्रीस असतं. बसवून झाल्यावर, गाडी रॅम्पवरून उतरायच्या आधी, त्याला गन लावून चारही कप भरलेच पाहिजेत. हे न करता गाडी बाहेर पडली तर नवा क्रॉसही लवकर जातो.

जुना क्रॉस टाकून देण्याआधी कपाचा व्यास आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी व्हर्नियरनं मोजून गाडीच्या वहीत लिहून ठेवा. याच दोन मापांवरून दुकानात क्रॉस मिळतो. त्या मापाचा एक जादा क्रॉस, चार लॉक आणि दोन निप्पल पिशवीत घालून गाडीत ठेवा. विजापूर ओलांडून पुढे गेल्यावर काही झालं, तर फिटर कुठेही मिळतो, पण नेमक्या मापाचा क्रॉस रविवारी संध्याकाळी मिळत नाही.